चोवीसच्या वर नको

राजापेठेतल्या त्या हवावाल्यापुढे मी हात टेकलेत. माझी जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार वजनानं हलकी. टायरात चोवीस पौंडांच्या वर हवा गेली की वळणावर घसरते. हे मी दरवेळी सांगतो. तो मान डोलावतो, शर्टाला हात पुसतो आणि छत्तीस भरतो.

"अहो, चोवीस म्हटलं ना!"

"इतकी कमी हवा घेऊन जासान, तं लोक मले काय म्हनतीन?"

पाहुणा अर्ध्या जेवणावरून उठल्यावर यजमानाचा पडावा तसा त्याचा चेहरा पडतो. मग भांडता येत नाही.

काल पुढच्या कोपऱ्यावर थांबून मी गुपचूप हवा सोडत होतो. तेवढ्यात पायपंप घेऊन तो धापा टाकत आला.

"मले वाटलंच होतं, कमी पडली असन!"