जर्मन गोलकीपरला पोळीचा आग्रह

माझ्या घरी एक जर्मन गोलकीपर माझ्या हातचं जेवून मेला होता. म्हणजे मेला नव्हता, पण ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात जर्मन गोलकीपर कुठून आला. तर ते आमच्या सईचे सॉकरचे कोच. साठीचे, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढे उंच, हात सुपाएवढे. आम्ही कोचकाका म्हणतो. तिकडे मोठमोठ्या मैदानांवर खेळलेत म्हणे, आणि त्यांनी आमच्या आठ वर्षांच्या पोरीला बघून सांगितलं, ही गोलमध्ये उभी राहणार. सगळे खूश, मी एकटी घाबरले. मी शिकले बारावीपर्यंत, त्यात फुटबॉल काही नव्हता, पण एवढं कळतं की बाकीच्या पोरी बॉलपासून पळू शकतात आणि गोलवालीनं मात्र बॉलच्या पुढ्यात जाऊन पडायचं. आणि कोचकाकांची बोटं! एक सरळ असेल तर शपथ. आल्याचे तुकडे जोडल्यासारखी.

मी ठरवलं, सईचं नाव गोलमधून काढायचं. पण असं तोंडावर कसं सांगणार? म्हणून जेवायला बोलवलं. वाईट बातमी काय उपाशी पोटी देतात? (माझा नवरा प्रशांत म्हणाला, टेक्स्ट कर ना. याला काही रीतभातच नाही.)

पुरणपोळ्या केल्या, वर तुपाची धार. जेवता जेवता काका त्यांचं करिअर सांगायला लागले आणि प्रशांत मला मराठीत सांगत होता. तर हे काका निम्मं आयुष्य बाकावर बसून होते. टीमचा पहिला गोलकीपर वेगळाच, तो पडला तरच यांचा नंबर, आणि तो मेला कधी पडायचाच नाही. (बाकावर बसायचाही पगार मिळतो हे ऐकून प्रशांतचे डोळे चमकले, ते मी बघितलं.) मग एका मोठ्या मॅचमध्ये पहिल्याचा गुडघा गेला, हे उतरले आणि शेवटची पेनल्टी यांनी करंगळीनं अडवली. करंगळी मोडली, टीम जिंकली, गावानं खांद्यावर घेतलं. आणि पुढच्या मोसमात? परत बाकावर.

बोलता बोलता ताट चाटूनपुसून साफ. कारण त्यांच्याकडे ताटात टाकलं की घरच्या बाईचा अपमान. आणि आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की घरच्या बाईचा अपमान! मी वाढायची, ते संपवायचे, की मी परत वाढायची. शेवटी त्यांनी ताटावर हात धरला. ताटच दिसेना. पण मीसुद्धा संगमनेरची. ते पेनल्टी दाखवायला हात वर करायचे, की मी खालून पोळी सरकवायची. जन्मभरात खाल्ले नसतील तेवढे गोल त्यांनी माझ्या टेबलावर खाल्ले.

मग प्रशांतला ऑफिसचा कॉल आला, तो वर गेला. सई मागे अंगणात. म्हटलं, आता मोडक्या इंग्रजीत का होईना, सांगून टाकू, आणि "काका, वन थिंग" एवढं म्हणाले. तेवढ्यात काका उठले, चेहरा पांढराफटक (तसा तो आधीही पांढराच होता, पण हे मला नंतर सुचलं), जरासे पुढे गेले आणि सावकाश कार्पेटवर आडवे झाले. डोळे मिटलेले, हात छातीवर.

मी नाइन वन वन लावला. पलीकडची बाई विचारतेय काय झालं, मी म्हणतेय जर्मनी, गोलकीपर, टू मच पोळी. ती म्हणते श्वास चालू आहे का बघ. आता ते बघायला जवळ जावं लागणार, आणि मेलेल्या माणसाजवळ मी जात नाही. शेवटी बुक्कीनं कांदा फोडला आणि हात लांब करून त्यांच्या नाकाशी धरला. डोळ्यांपुढे सगळं दिसायला लागलं. प्रशांतचा व्हिसा, पोलीस, आणि हिच्या आईनं कोच मारला म्हणून सईकडे बोट दाखवणारी अख्खी शाळा.

काकांनी डोळे उघडले तर त्यातून घळाघळा पाणी, पुढ्यात कांदा, आणि दारातून फायर ब्रिगेडची (इथे माणूस पडला तरी आधी तेच येतात) धिप्पाड माणसं बुटांसकट आत! (तेवढ्यातही मी शूज, शूज म्हणत होते. कोणी काढले नाहीत.)

सई मागच्या दारातून आली, बघितलं आणि म्हणाली, "आई, कोच ऑल्वेज डझ दॅट. इट्स हिज बॅक."

वर्षानुवर्षं जमिनीवर अंग टाकून टाकून पाठ कामातून गेलेली. जेवण झालं की थोडा वेळ सपाट पडावंच लागतं. आल्या आल्या त्यांनी प्रशांतला सांगितलं होतं, आणि प्रशांतनं मान डोलावून ते स्वतःपाशीच ठेवलं होतं.

फायरवाल्यांना काय तोंड दाखवणार? त्यांनाही पोळ्या वाढल्या. उभ्या उभ्या खाल्ल्या, तुपासकट. प्रशांत धावत खाली आला. काका पडल्या पडल्याच विचारायला लागले, की मघाशी तुला काहीतरी सांगायचं होतं ना? हातात कांदा, समोर एवढी माणसं, मी खरं ते बोलून टाकलं.

"मला भीती वाटते, काका. हिची बोटं तुमच्यासारखी झाली तर?"

प्रशांतनं त्यांना सांगितलं. काका हसले नाहीत. म्हणाले, माझी आई भीतीनं एकाही मॅचला आली नाही. त्या पेनल्टीच्या दिवशीसुद्धा स्वयंपाकघरात बसून होती, रेडिओ बंद करून. जिंकल्यावर मी गर्दीत तिलाच शोधत होतो.

आणि मग म्हणाले, "तू घाबर. पण मैदानावर येऊन घाबर."

सईकडे बघितलं, तर ती माझ्याकडे बघत होती. झालं! नाव काढायचं राहिलंच. वर टीमची फर्स्ट एडची पेटी माझ्या गळ्यात पडली, कारण काही व्हायच्या आधीच ॲम्ब्युलन्स बोलावणारं माणूस काकांना आजवर भेटलं नव्हतं.

आता दर शनिवारी मी गोलच्या मागे पेटी घेऊन उभी असते. सई उडी मारते, पडते, उठते, हसते. पेटीतल्या पट्ट्या बऱ्याच संपल्यात, पण पोरींना एकही लागलेली नाही. सईनं उडी मारली की मी डोळे मिटून धावत सुटते, आणि तो गोलचा खांब काही बाजूला होत नाही.