अक्काची अनवाणी फेरी

अक्काशी माझं शेवटचं नीट बोलणं झालं, त्यात मी खोटं बोललो. ती जाऊन सव्वा महिना झाला. लोक येतात, तिच्याबद्दल भरभरून बोलतात, मी मान हलवतो... आणि ते खोटं तेवढं कुणालाच सांगत नाही.

अक्का माझी थोरली बहीण, परभणीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. पस्तिशीत कुठल्याशा शिबिरात तिनं पहिल्यांदा स्केटिंग पाहिलं आणि वेडीच झाली. येताना चाकांच्या बुटांचा एक जोडच घेऊन आली. "या वयात दात पाडून घेशील," मी म्हणालो होतो. दात शाबूत राहिले, आणि वर्षभरात वीसेक पोरं तिच्यामागं चाकांवर पळायला लागली. पळायला गुळगुळीत जागा हवी. रस्त्याला खड्डे, मैदानात माती. अक्कानं मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, शोधून काढला. रविवारी लिलाव बंद, शेडखालचा लांबरुंद सिमेंटचा कोबा रिकामा. तिथल्या राखणदाराला तिनं राखी बांधून भाऊच करून टाकलं.

पण मोंढा तो मोंढा. कितीही झाडा, धान्य राहतंच, आणि चाकाखाली सोयाबीनचा एक दाणा आला तरी पोर तोंडावर आपटतं. म्हणून झाडून झालं की अक्का चपला काढायची आणि अख्ख्या शेडमधून अनवाणी फिरायची, हळूहळू, पाऊल सरकवत. सापडलेला दाणा जॅकेटच्या खिशात. तोवर पोरांनी बूट बांधून भिंतीशी बसायचं, एकानंही उठायचं नाही. ही विद्या आमच्या गावची, पेडगावची. आमच्या घरी मेंढरं होती आणि ती लहानपणी त्यांच्यामागं अनवाणीच हिंडली. बाप म्हणायचा, "काटा डोळ्याला चुकतो, पायाला चुकत न्हाई." घरातली पहिली चप्पल मला मिळाली होती, मुलगा म्हणून.

या हिवाळ्यात काविळीनं अक्काला अंथरुणाला खिळवलं. "या रविवारी तू जा रं," ती म्हणाली. "पोरं वाट बघायलीत. निस्तं झाडू नको, फिरून बघ." मी गेलो. झाडलं, चांगलं झाडलं. पण कोबा गारठलेला, आणि पन्नाशीच्या माणसानं सगळ्यांदेखत पाय घासत फिरायचं... मला लाज वाटली. मी शिट्टी वाजवली. तिसऱ्या फेरीला सगळ्यात लहान सानिका खांबाजवळ तोंडावर पडली. हनुवटीला चार टाके.

संध्याकाळी अक्कानं एवढंच विचारलं, "अनवाणी फिरलास का रं?"

"फिरलो की."

माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "मग राहिला आसंल एखांदा. माझ्याकडूनबी सुटला आसता. तू नको जीवाला लावून घेऊ."

तिच्याकडून कधीच सुटला नव्हता. ती चिडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी तिची शुद्ध हरपली आणि चौथ्या दिवशी ती गेली. त्या दोन दिवसांत खरं सांगायला म्हणून मी दोनदा तिच्या उशाशी बसलो होतो. दोन्ही वेळा चहा पिऊन उठलो.

तेराव्यानंतरच्या रविवारी मोंढ्यात गेलो ते राखणदाराला सांगायला, की आता पोरं येणार नाहीत. बघतो तर पोरं बूट बांधून भिंतीशी बसलेली. सानिकासुद्धा, हनुवटीवर टाक्यांचा ताजा वण. मी खराटा घेतला, सगळं झाडलं, शिट्टी वाजवली. एकही पोर उठेना. दुसऱ्यांदा वाजवली, तरी नाही. सगळ्यांचे डोळे माझ्या पायांकडे होते.

मी चपला काढल्या. कोबा तसाच गार होता. एका कडेनं सुरुवात केली, आणि त्याच खांबाच्या बुडाशी टाचेखाली दाणा लागला. तिथंच खाली बसलो आणि पोरांसमोर ढसाढसा रडलो.

अक्काचं निळं जॅकेट दाराआड खिळ्याला आहे. धुवायचं धाडस झालं नाही, खिशात तिनं वेचलेले दाणे आहेत. रविवारी घरी आलो की माझेही त्यात टाकतो. टाकताना दार लावून घेतो आणि दर वेळी मोठ्यानं सांगतो, "अक्का, त्या दिवशी मी फिरलो नव्हतो."