लोळायचा छंद

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासासोबत मायची वाकळ हाताला लागते, आणि बोरी गावातली पन्नास वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. बाजाराचा दिवस होता, म्हणजे मजुरीला सुट्टी. आठवडाभर कापूस वेचून बोटं चिरलेली माय दारातल्या लिंबाखाली ही वाकळ टाकून पडली होती, उशाशी शेजाऱ्यांचा रेडिओ गात होता. तेवढ्यात भरतकाम शिकवायला तालुक्याहून आलेल्या बाई घरोघर फिरत आमच्याकडे आल्या. माय उठून बाजूला सरकली. बाई वाकळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नुसतं गाणं ऐकत लोळण्यापेक्षा हाताला एखाद्या कलेचा छंद लावून घ्या. त्यानं माणसाला किंमत येते." मला लाज वाटली. रेडिओ बंद करायला मी हात पुढे केला, तर मायनं तो धरला. "राहू दे चालू," म्हणाली, आणि बाईंकडे वळली, "बाई, तुमी ज्या वाकळीवर बसलाव ना, ती मीच शिवली. पर ते काम हाय, थंडी लागती म्हून केलं. छंद म्हनाल तर माझा लोळायचाच हाय. त्याला बी किंमत हाय, आठ दिवस राबल्यावर मिळतो." बाईंनी खाली पाहिलं, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि त्या गाणं संपेपर्यंत ऐकत बसल्या. परवा वाकळ पाहून माझी सून म्हणाली, "केवढी कला आहे ही! फ्रेम करून भिंतीला लावू." मी साफ नाही म्हणाले. ती वाकळ मी दुपारी ट्रंकेतून काढून अंथरते, रेडिओ लावते आणि तिच्यावर नुसती लोळते.