पिक्चरमधलं कुत्रं

पिक्चर आधी पाहिला होता. चुलतभावाच्या मोबाइलवर, हिंदीत. आई, तो आणि मी, सोयाबीनच्या पोत्यांना टेकून. त्यात बोट होती, वादळ होतं, बेट होतं आणि मालकासाठी जीव देणारं एक कुत्रं. ते मेलं तेव्हा आईने पदर डोळ्यांना लावला.

बीएच्या दुसऱ्या वर्षी मेहकरच्या कॉलेजच्या लायब्ररीत त्या पिक्चरचं मूळ पुस्तक हाती लागलं. जाडजूड, जुन्या वळणाच्या इंग्रजीतलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. ठरवलं, अख्खं वाचायचं, एक पान गाळायचं नाही. चुलतभाऊ म्हणाला, "पिक्चर तं पाह्यला न वं. मंग काऊन डोकं फोडून राह्यली? हे इंग्रजी आपल्याच्यानं होत नाही." मी त्याच्यासमोरच पुस्तकाला पेपरचं कव्हर घातलं.

गोष्ट माहीत आहे, असं मलाही वाटत होतं. पण पिक्चरमध्ये नावं संपतात न संपतात तोच बोट सुटते. पुस्तकात ती हलेचना. नुसते दोरखंड, पिंपं आणि खलाशांची भांडणं. साखरखेर्ड्याहून मेहकरला जाणाऱ्या एसटीत मी वाचायचे, अडल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचे, घरी डिक्शनरी काढायचे. समुद्र पाहिलेला नव्हता. बंदर म्हणजे आठवडी बाजार, असं धरून चालले, बऱ्यापैकी जमलं.

भाकरी थापता थापता आई रोज विचारायची, "सुटली का वं बोट?"

"नाही अजून."

"लय सामान भरून राह्यले."

बोट सुटली त्या दिवशी मी स्टँडवरून घरी पळत आले. मग आईचा प्रश्न बदलला, कुत्रं आलं का? भाऊ म्हणायचा, आलं असेल, हिलाच कळलं नसेल. ते मला लागलं. शेवटच्या पानापर्यंत गेले आणि कुठे नजर चुकली का म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सारी टिंबं तपासली.

मग भाऊ बसलेला असतानाच सांगितलं, "पुस्तकात कुत्रं नाहीच. पिक्चरवाल्यांनी घुसवलं. मी सारं वाचलं."

आईने तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजे मेलं बी नाही ते," ती म्हणाली. "आता मले सांग. पहिल्या पानापासून."

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायचं होतं. मी मुदत वाढवून घेतली.