वहिनींनी तपासलेले ब्रेक

दादाचा फोन आला तेव्हा मी आलापल्लीच्या वन कार्यालयात होतो. "तुझी वहिनी गेली रे," एवढंच तो म्हणाला. आणि मी, त्याचा सख्खा धाकटा भाऊ, त्याला विचारलं, "कोण बोलून राह्यलं?" आवाज ओळखीचा होता, नंबर ओळखीचा होता, तरी विचारलं. मग, "कोनी सांगतलं? डॉक्टरनं पाह्यलं का?" हेही विचारलं. दादा रडायला लागला तेव्हा कुठे मला पटलं. सकाळी दुकानाचं शटर उघडून वहिनी खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं... शहानिशा केल्याशिवाय काही खरं मानायचं नाही, ही सवय मला शालूवहिनींनीच लावलेली. ती त्यांच्याच बातमीवर वापरावी लागली. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या दिवसापर्यंत आठ महिने मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो, कारण माझा त्यांच्यावरच संशय होता.

वहिनी लग्न होऊन चंद्रपूरला आल्या तेव्हा मी दहावीत होतो, म्हणून मी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत 'विजू' राहिलो. त्यांच्या वडिलांचं बल्लारपूरला लेथचं दुकान होतं. मुलगा नव्हता, म्हणून ही मुलगी शाळेतून आली की बापाच्या हाताखाली ट्रकचे ब्रेक ड्रम घासायला उभी राहायची. दादा कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी वहिनींनी माहेरची जुनी लेथ मशीन ट्रकवर घालून आणली आणि मूल रोडला भाड्याच्या गाळ्यात बसवली. कोळशाच्या ट्रकांचे ड्रम, मग जीपचे, मग कारच्या डिस्क. साडीवर पुरुषी शर्ट, डोळ्यांवर चष्मा, आणि समोरचा माणूस काहीही सांगो, चेहऱ्यावर एकच भाव... हा काय लपवून राह्यला? दूधवाल्याचं माप त्या पाहायच्या, गॅसचं सिलेंडर वजन करून घ्यायच्या, लग्नपत्रिकेवरची मुलाची डिग्रीसुद्धा त्यांना खोटी वाटायची. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना त्यांनी विचारलेले प्रश्न ऐकून माझे होणारे सासरे घामाघूम झाले होते. आम्ही हसायचो. पण गाडी, जमीन, जावई, काहीही घ्यायचं असलं की सगळं खानदान आधी वहिनींकडे जायचं.

मला वेगाचं वेड. आठवडाभर आलापल्लीला नोकरी आणि शनिवारी दुपारी आष्टी, गोंडपिपरीवरून चंद्रपूर, बायकोमुलांकडे. तो रस्ता आज किती वेळात मारला, हे मी घरात पाय टाकल्याबरोबर सांगायचो. माझी गाडी लहान, जुनी. तिचे ब्रेक पॅड संपले की वहिनीच बदलून द्यायच्या, आणि बदलताना काही बोलायच्या नाहीत. मलाही ते काम किरकोळच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मला ती निळी गाडी दिसली. नागपूर रोडला एका दलालाकडे उभी होती. दिसायला साधीच, पाच दारांची, पण कंपनीने मुद्दाम दांडगं इंजिन घालून मोजक्याच विकलेल्या गाड्यांपैकी एक. असली गाडी आपल्या भागात कुठून येणार? मी तीन वेळा जाऊन तिच्याभोवती फिरून आलो आणि चौथ्या वेळी वहिनींना घेऊन गेलो. दलाल गोड माणूस. म्हणाला, "डॉक्टरची गाडी आहे मॅडम. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बाकी कुठे गेलीच नाही." मीटरवर सव्वीस हजार किलोमीटर. रंगावर ओरखडा नाही.

वहिनींनी रंगाकडे पाहिलंच नाही. खाली बसल्या, टॉर्च काढला आणि चाकाच्या आऱ्यांमधून आत उजेड टाकला. मग दोन बोटं आत घालून डिस्कच्या, म्हणजे ब्रेक दाबला की पॅड जिला आवळतात त्या चकतीच्या, कडेवरून नख फिरवलं. "इथी हात लाव," मला म्हणाल्या. कडेला उंच काठ आला होता, थाळीच्या काठासारखा. म्हणजे मधला लोखंडी भाग घासून घासून खाली गेला होता. "सव्वीस हजारात एवढी खाल्ली जात नाई," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. चाक काढायचं म्हटल्यावर दलालाचा गोडवा जरा कमी झाला. त्याच्याकडे जॅक नव्हता म्हणे. वहिनींनी आमच्या गाडीतला जॅक आणायला लावला. चाक निघालं. पॅड कोरे करकरीत, डिस्क मात्र जुनी, तिच्यावर निळसर डाग... खूप तापून थंड झालेल्या लोखंडावर येतात तसे. आतल्या बाजूला बारीक चिरा. व्हर्निअर लावून त्यांनी जाडी मोजली आणि डिस्कवरच कोरलेला कमीत कमी जाडीचा आकडा दलालाला वाचायला लावला. त्याने वाचला; मोजलेली जाडी त्याहून कमी होती.

"पॅड नवे, डिस्क जुनी. झाकाझाक करून राह्यले तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "अन् हा डॉक्टर असा दवाखान्यात जात असन, तर पेशंटचं काय होत असन?"

मग त्यांनी स्वतः गाडी चालवली, मी शेजारी. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला आणि स्टिअरिंगवर हात अगदी हलके ठेवून ब्रेक दाबला. स्टिअरिंग थडथड हललं. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, पुन्हा तेच. असं त्यांनी चांगलं लांबपर्यंत केलं. परत आल्यावर किल्ली दलालाच्या टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "घेऊ नको."

"डिस्क बदलवू ना वहिनी. तुम्हीच बदलवून द्या."

"घेऊ नको म्हटलं ना."

"पण काऊन?"

उत्तर नाही. रस्ताभर नाही, घरी नाही. दादा म्हणाला, "ती नाही म्हणते तर सोड." मी सोडली. पण मनात खुटखुटत राहिलं. डिस्क म्हणजे काही इंजिन नव्हे. ती बदलता येते, हे मला कळतं तर लेथवर आयुष्य काढलेल्या बाईला कळत नसेल?

दोन महिन्यांनी मी दुकानावरून जात होतो, तर ती निळी गाडी गाळ्यात, जॅकवर चढवलेली. थांबलो नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा दिसली. आणि मग एका रविवारी, चंद्रपूरबाहेर लोहारा गावाच्या रस्त्यावर, समोरून तीच गाडी आली आणि आत वहिनी. एकट्या. काच खाली, पदर खोचलेला. त्यांनी मला पाहिलं नाही. मी मात्र त्यांचा चेहरा नीट पाहिला. संशयाचा लवलेशही नसलेला असा त्यांचा चेहरा मी तोवर पाहिला नव्हता, आणि नेमकं त्यामुळेच माझा संशय पक्का झाला.

मी थेट दुकानात जाऊन बसलो. त्या आल्या, गाडी लावली, मला पाहून क्षणभर थबकल्या.

"कोनाची गाडी हाय, वहिनी?"

"गिऱ्हाइकाची."

"कोनत्या गिऱ्हाइकाची?"

"तुले काय करायचं?"

त्यावर मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते. पण लिहायलाच हवं. "तुमाले सोताले पाहिजे होती तर तसं सांगायचं होतं," मी म्हणालो. "का दलालाशी आधीच ठरलं होतं?" त्यांची मुलगी स्वाती, पॉलिटेक्निक करून आईच्याच दुकानात काम करणारी, लेथ बंद करून उभी राहिली. वहिनींनी फडक्याला हात पुसले. चिडल्या नाहीत. "तुले जे वाटते ते वाटू दे," म्हणाल्या, आणि पुन्हा मशीनकडे गेल्या. मला तर तो कबुलीजबाबच वाटला. त्यानंतर माझ्या गाडीचं कामही मी दुसरीकडे न्यायला लागलो. दिवाळीत पंगतीला त्यांनी मला वाढलं, मी खाली मान घालून जेवलो. वाढताना एकदा फक्त म्हणाल्या, "गाडीचे पॅड कधी बदलवले?" मी म्हटलं, "तुमाले काय करायचं?" त्यांचंच वाक्य परत केल्याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं...

तेरवीच्या दिवशी मांडवाबाहेर निळी गाडी उभी दिसली आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, शेवटी घेतलीच होती तर. आता दादा चालवतो की स्वाती? तेवढ्यात गाडीतून एक सडपातळ, पिकल्या केसांचे गृहस्थ उतरले. मडावी गुरुजी, भामरागडकडच्या आश्रमशाळेत शिक्षक. जेवणं झाल्यावर ते स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसले.

"तुम्ही विजूभाऊ ना? बाई तुमच्याबद्दल बोलायच्या."

मी सावध झालो. "काय बोलायच्या?"

गुरुजी हळू बोलणारे. त्यांनी सांगितलं ते असं : गाडीची हौस त्यांना कॉलेजपासूनची. दलालाकडे ही गाडी पाहिली, सौदा ठरला, तर दलाल म्हणाला, आधी मूल रोडच्या बाईंकडे जाऊन या. वहिनींनी त्याला दम दिला होता म्हणे, की ही गाडी कोणालाही दे, पण माझ्याकडे पाठवल्याशिवाय दिलीस तर तुझी झाकाझाक गावभर सांगेन. गुरुजी आपल्या जुन्या गाडीतून दुकानात गेले. वहिनींनी आधी त्या जुन्या गाडीचीच चाकं काढली. "मी म्हटलं, बाई, ही नाही, दुसरी पाहायची आहे. त्या म्हणाल्या, ती मी पाह्यली हाय. आता तुमाले पाहून राह्यली." गुरुजींचे पॅड चार वर्षांचे होते आणि अजून निम्मे शिल्लक होते. ते पाहून वहिनी म्हणाल्या, घ्या तुम्ही, डिस्क मी नव्या टाकून देते.

"मग त्यांनीच सांगितलं," गुरुजी थांबत थांबत म्हणाले, "की आमच्या घरच्याच एकाले मी नाई म्हटलं. त्याच्या लहान्या गाडीचे पॅड मी दर चार महिन्याले बदलवून देते. लोखंडापावतर खाऊन आणते तो. त्याले ही गाडी देली तर..."

मी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. कोण हे गुरुजी? एवढं चांगलं का बोलतायत? या व्यवहारात काही तरी पाणी मुरत असणारच. मी उठलो आणि मागच्या अंगणात भांडी आवरणाऱ्या स्वातीला गाठलं. "हे गुरुजी सांगून राह्यले ते खरं हाय का?"

स्वातीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "खरं हाय काका."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? तुझ्यासमोर वहिनीले एवढं बोललो मी!"

"मी सांगनार होती. आईनंच नाई सांगू देलं. म्हणे, त्याले सांगतलं तर तो लाजून दुसरीकडं पॅड बदलवन, मंग तो कसा चालवते हे मले कसं समजन?" तिने पातेलं पुन्हा उचललं. "अन् तुमी तसंच केलं. दर शनिवारी तुमी घरी पोचले का, हे ती मले काकूले फोन करून विचारायले लावे. दर शनिवारी."

मी तिथेच ओट्यावर बसलो. एवढी वर्षं त्या माझे ब्रेक बदलत नव्हत्या, वाचत होत्या. आणि मी त्यांच्यावर दलालीचा आळ घेतला...

तरी एक प्रश्न उरलाच होता. तो मी गुरुजींना विचारला. लोहाऱ्याच्या रस्त्यावर त्या एकट्या कशाला चालवत होत्या? गुरुजी पहिल्यांदाच हसले. "दर महिन्याला बोलवायच्या, ब्रेक पाहायचे आहेत म्हणून. ब्रेकला काही झालेलं नसायचं. मग म्हणायच्या, जरा चालवून पाहते, तुम्ही तोवर बाजार करून या, आणि अर्धा-पाऊण तास यायच्या नाहीत. तिसऱ्या वेळी मला समजलं. पण मी काही बोललो नाही. मी त्यासाठीच यायला लागलो." म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता तर. वहिनींना ती गाडी आवडली होती. मनापासून.

निघताना गुरुजींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "लोहाऱ्यापर्यंत तुम्ही चालवा." मी नको म्हणालो, मग बसलो. गाव सुटलं, दोन्हीकडे झाडी आली, आणि इंजिनने जो आवाज केला त्याने इतक्या दुःखातही अंगावर काटा आला. पाय आपोआप खाली गेला. वळणापलीकडे रस्त्यावर गाई होत्या, सात-आठ, आडव्या, सावकाश निघालेल्या. मी ब्रेक दाबला. हातातलं स्टिअरिंग जरासुद्धा हललं नाही. गाडी सरळ रेषेत, आज्ञाधारकपणे, गाईंच्या पुरेशी अलीकडे उभी राहिली. त्या डिस्क वहिनींनी बसवल्या होत्या, त्यांचे बोल्ट त्यांनी आवळले होते, आणि माझ्या पायाखाली दबून होतं ते सगळं त्यांच्या हातचं काम होतं.

गाई गेल्या. रस्ता मोकळा झाला. माझा पाय ब्रेकवरून निघेना. मागे एक ट्रक येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला. मी घाईने गिअरला हात घातला, तर मडावी गुरुजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"वाजवू द्या त्याला," ते म्हणाले. "बसा थोडं."