तिसऱ्या बाईचा खोकला

आमची मुलगी युद्ध चालू असलेल्या एका देशात बायकांसाठी काम करते. त्या देशाचं नाव आम्ही घरातसुद्धा घेत नाही. तिनंच तसं सांगितलं आहे. तिथून फोन करता येत नाही. निरोप येतो, पण वाचला की थोड्या वेळानं पुसला जातो. दुपारचा निरोप संध्याकाळी परत वाचावा म्हणून बायको मोबाईल उघडते, तर तिथं काही नसतं. वर्ष होत आलं होतं, तिचा आवाज ऐकला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात तिनं कळवलं की एका आंतरराष्ट्रीय चर्चेत ती बोलणार आहे आणि ती चर्चा इंटरनेटवर दिसेल. युद्धाच्या काळात बायकांची माहिती मोबाईलमधून, मदतीच्या नोंदींमधून कोणाच्या हाती जाते, असा विषय होता. तिथून चौघी बोलणार होत्या. चेहरे झाकलेले, आवाज बदललेले. आपण कितवी, हे तिनं आम्हालाही सांगितलं नाही.

बायकोच्या तोंडून माझ्या बहिणीला कळलं आणि ती पोह्यांचा डबा घेऊन हजर झाली. मी टीव्हीला मोबाईल जोडला. पडद्यावर चार करडे चौकोन आले.

"दादा, हे काऊन असं दिसून राह्यलं? टीव्ही बिघडला काय?"

"बिघडला नाही. तसंच दाखवायचं ठरलं आहे."

"मंग मी कायले आली, वहिनी? भिंत तं माह्या घरीबी हाय."

बायको हसली, पण डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

सगळ्या एकाच जाड, यंत्रातल्या आवाजात बोलत होत्या. दुसरी जरा ठसक्यात बोलली, तशी बहीण म्हणाली, "हेच आपली. सासरी नांदली नसती." मला इंग्रजी पुरेसं कळतं, मी मराठीत सांगत होतो.

तिसरी सुरू होण्याआधी खोकली. दोन बारीक खोकले, मग घसा साफ केल्याचा आवाज. बोलणं बदलणाऱ्या यंत्रानं खोकल्याला हात लावला नव्हता. आमचं घर नांदुऱ्यात जिनिंग कारखान्याच्या मागे. कापसाच्या हंगामात रुईचा बारीक कचरा उडायचा, तेव्हापासूनची मुलीची ही सवय. वाद घालायचा असला की आधी हे व्हायचंच. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. बहिणीला काही कळलं नाही.

तिसरी सांगत होती, धान्य देताना बायकांचे डोळे यंत्रात नोंदवतात, मोबाईल नंबर घेतात. ती यादी बंदूकवाल्यांच्या हाती लागली आणि कोणत्या घरात बाई एकटी आहे हे त्यांना बसल्या जागी कळलं. चर्चेतले एक गृहस्थ म्हणाले, यादी नसेल तर दांडगे दोनदा धान्य नेतील. मी आयुष्यभर हिशेब तपासत आलो, मला ते पटलं. ती म्हणाली, "किती पोती गेली ते लिहा. कोणत्या घरात पुरुष नाही, ते कशाला लिहिता?" मला हेही पटलं, आणि जास्त पटलं.

बहीण गेल्यावर बायको म्हणाली, "ते रेकॉर्डिंग येईन ना? मले तेवढं खोकल्याचं परत ऐकवा."

मी म्हणालो, "आपण ओळखलं, तसं दुसरंही कोणी ओळखेल. तिला कळवायला हवं."

"तुमी कळवसान तं ते काढून टाकतीन."

"हो."

"राहू द्या ना हो. माह्याजवळ तेवढंच हाय."

मी जेवेपर्यंत थांबलो. मग तिच्यासमोरच लिहिलं आणि पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवलं. तिनं माझं ताट उचललं, मी पाठवलं. सकाळी उत्तर आलं, "बाबा, बरं केलं. हा खोकला ओळखणारी माणसं इथंही आहेत. कापायला सांगते. आईला जप." बायकोनं ते वाचलं, परत वाचलं, पुसलं जाईपर्यंत हातातच धरून बसली.

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग आलं. तिसरी बाई एकदम बोलायलाच लागली. बायकोनं मला मागे घ्यायला लावलं. परत तेच.

"काढलं?"

"काढलं."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला इंग्रजी येत नाही, तरी तिनं बंद करू दिलं नाही. चौथी बोलायला लागली तेव्हा रिमोट माझ्या हाती देऊन ती उठली.