मामांचे व्हर्च्युअल नोड

आमच्या हिच्या अकोल्याच्या मामांइतका समानतेचा कडवा भक्त साऱ्या वऱ्हाडात सापडणार नाही. पंगतीत शेजाऱ्याच्या पानात जिलबी कमी पडली, तर हे शेजाऱ्याच्या वतीने वाढप्याशी भांडतात. निवृत्तीनंतर हा गणिताचा मास्तर डेटाबेसच्या नादी लागला. नात्यागोत्यातले फोटो, आवाज जपायचे म्हणून त्यांनी तीन जुने संगणक एकमेकांना जोडले. एक स्वतःकडे, एक अमरावतीला आमच्याकडे आणि एक मोर्शीला त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे हिच्या मावशीकडे. मिक्सरसाठी आम्ही प्लग काढला रे काढला, की अकोल्याहून फोन येणार. "जावईबापू, मशीन काहून बंद केली?"

प्रत्येक मशीनवर माहितीचा एक मोठा वाटा न टाकता बारीक बारीक वाटे द्यायचे, त्यांना म्हणे व्हर्च्युअल नोड म्हणतात. दमदार मशीनला जास्त द्यावेत, दुबळ्याला कमी. मामांनी तिघांनाही सारखे दिले. "कमी देल्ले तं ताईले वाईट वाटन ना!" मावशींना नोड म्हणजे काय, याचा पत्ताच नव्हता. मशीन छान गरम राहते म्हणून तिच्यावर त्यांची मांजर झोपायची.

उन्हाळ्यात मोर्शीची मशीन धापा टाकू लागली. नाइलाजानं मामांनी तिथला नोडांचा आकडा कमी केला, तर ती सुरूच होईना. मग कळलं, की नांदत्या मशीनचे वाटे असे परस्पर कापता येत नाहीत. जुना आकडा परत घालून ती सुरू करायची, तिच्याजवळचं सगळं बाकीच्या दोघांना देऊन तिला रीतसर निरोप द्यायचा, पुसून कोरी करायची आणि मग नव्या आकड्यानिशी पुन्हा घरात घ्यायची.

मामा मला घेऊन थेट मोर्शीला पोचले. निरोपाची ती सबंध दुपार ते मशीनला हातपंख्यानं वारा घालत होते.

"अरे, जावई उपाशी बसले अन् तू त्या डबड्याले वारा घालून राहिला!" मावशी कडाडल्या.

"बंद पडली तं? सारं जाईन वो!"

काही गेलं नाही. कमी नोड घेऊन मशीन पुन्हा सुरू झाली. खात्री करायला मामांनी एक आवाज लावला. मामी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"चहा थंडा होऊन राहिला. उठता का आता?"

मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "हो, उठलो," आणि खरंच उठून उभे राहिले.